रकाना रिकामा ठेवू नये

१

१४ सप्टेंबर १९५८, रविवार. सकाळी ढगाळ, दहानंतर ऊन. वारा पश्चिमेचा. पाऊस नाही.

उपासना सुटल्यावर नेहमीप्रमाणे मिशन बंगल्याच्या मागच्या खोलीत गेलो. गेले पाच रविवार माझा हाच नेम आहे. बंगल्याचे छप्पर उतरवायचे आहे, म्हणून आमचे पाळक प्रभुदासकाका यांनी तिथल्या जुन्या पेट्यांची यादी करायचे काम मला दिले. पेट्यांत वाळलेली झाडे आहेत. साठ वर्षांपूर्वी शिरूरला एक गोरे मिशनरी होते. घोडनदीचा काठ, पाबळचे माळ, कवठ्याचे खडक असे पायी हिंडून ते फांद्या आणत, कागदांत दाबून वाळवत आणि जाड कागदावर चिकटवत. जुनी माणसे त्यांना पालासाहेब म्हणत.

मी मिशन शाळेत तिसरीचा मास्तर. वनस्पतिशास्त्र मला कोणी शिकवले नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक फाटके पुस्तक आणले आणि एकवीस वर्षांत ते दोनदा बांधून घेतले, एवढीच माझी विद्या.

कागद एकूण तीनशे बारा. प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात लेबल, लेबलावर पाच रकाने: क्रमांक, ठिकाण, तारीख, स्थानिक नाव, गोळा करणारा. पहिले चार रकाने साहेबांच्या बारीक तिरप्या अक्षरात भरलेले आहेत. पाचवा सगळीकडे कोरा आहे.

पहिल्या रविवारी मी याचा विचार केला नव्हता. एकट्या माणसाने स्वतःचे नाव तीनशे वेळा कशाला लिहावे? आज मात्र खिडकीपाशी भिंग घेऊन बसलो. लेबले पिवळी पडली आहेत. पाचव्या रकान्यातला कागद पांढरा आहे. खोडल्याची खूण नाही, खरवडल्याची नाही. शाई पुसली तर डाग राहतो. इथे डाग नव्हताच, आणि तेवढ्या जागेला वयही नव्हते.

प्रभुदासकाका चावी घ्यायला आले तेव्हा विचारले, "काका, साहेबांचं नाव काय होतं?"

"पालासाहेब."

"ते झालं. खरं नाव?"

काका विचारात पडले. "असेल की कुठंतरी. बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांच्या सह्या होत्या, पण त्या उडाल्यात. थडग्यावरचं पावसानं झिजलं."

ते थडगे मी जाता-येता पाहतो. त्यावर मृत्यूचे साल ठळक आहे. साल झिजलेले नाही.

निघण्यापूर्वी कागद क्रमांक २१२ वहीत चढवला. ठिकाण कवठे येमाई. असे झाड मी कधी पाहिले नव्हते. स्थानिक नावाच्या रकान्यात रोमन अक्षरांत एक लांबलचक शब्द होता, तो मी 'नवनाईघेट' असा वाचला. पेटीच्या तळाशी साहेबांची टिपणवही होती. २१२ पुढे इंग्रजीत एकच ओळ: 'आज मी त्याला माझे नाव दिले.' त्यानंतरची पाने कोरी.

मला हसू आले. हौस कोणाला नसते.

२

२० सप्टेंबर, शनिवार. ऊन कडक. दुपारी तीनला दोन मिनिटे भुरभुर.

शाळा अर्धा दिवस होती. एस.टी.ने कवठ्याला उतरलो आणि ओढ्याकडे चालत गेलो. वाटेत झेंडूचा मळा लागला. धुरपदाबाई नावाच्या एक वयस्क बाई दसऱ्यासाठी राखलेल्या फुलांत खुरपत होत्या. त्यांचा नातू आमच्या शाळेत होता, म्हणून ओळख.

"मास्तर, खाली बघत चाललाय, काय सांडलं का?"

"झाड शोधतोय आजी. इकडं नवनाई म्हणून काही झुडूप आहे का?"

"येमाई हाय. नवनाई कुणाची कोण?" त्या हसल्या. "नवीन आणलीत का तुमच्या लोकांनी?"

मी पूर्ण शब्द म्हणून दाखवला. त्यांनी तो पुन्हा म्हणायला लावला. तिसऱ्या वेळी त्यांचे खुरपे थांबले.

"घेट न्हाई मास्तर, घेत. नाव न्हाई घेत." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "आवं, ते काय नाव हाय व्हय? साहेबानं इचारलं आसंल, ह्येचं नाव काय. कुणीतरी सांगितलं, नाव न्हाई घेत. त्येनं तेच लिवलं."

एका जागी बसून हसावे असा प्रकार होता. एक आठवडा मी त्या शब्दात देवी शोधत होतो.

"पण का घेत नाहीत?"

"आता का म्हंजी? तुमची मालकीण घेती का तुमचं?"

"मग तुम्ही त्याला म्हणता तरी काय?"

"काय बी न्हाई. काय म्हणायचं कामच पडत न्हाई. शेरडं बी तोंड लावत न्हाईत." त्यांनी खुरप्याने ओढ्यापलीकडचा थोरला खडक दाखवला, पण मान दुसरीकडे ठेवली. "न्यायाचं तर न्या. पर त्येला काय म्हणू नगा."

खडकामागे चौदा झुडपे होती, गुडघ्याएवढी. पाने जोडीजोडीने, खालून मखमली. फूल राखी पांढरे, पाच पाकळ्यांचे. वास ओल्या पाटीसारखा, मुलाने थुंकी लावून हाताने पुसल्यावर येतो तसा. माझ्या पुस्तकात ते नाही हे मला तिथेच कळले. पाच फांद्या घेतल्या.

३

दाबफळ्यांत घातलेल्या झाडाचे टीपकागद रोज बदलावे लागतात, कारण झाडाचे पाणी कागदात उतरते. मी नऊ दिवस रोज संध्याकाळी बदलले. कागद जसे घातले तसे कोरडे निघत. झाड मात्र वाळले. पाणी कुठे गेले ते समजले नाही. असे झाल्याची नोंद केली.

एक फांदी पुण्याला प्रोफेसर सबनीस यांच्याकडे पाठवली. साहेबांच्या पेट्याही त्यांच्याकडेच जायच्या आहेत. सोबत त्यांचा छापील तक्ता भरला. स्थानिक नावापुढे 'नाही' असे लिहिले.

५ ऑक्टोबरला, रविवार असूनही, पुण्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने त्यांचे पत्र आणून दिले. मी ते पायरीवर उभ्यानेच वाचले. झाड त्यांच्या पाहण्यात नाही, कोणत्याही ग्रंथात नाही. ते नवे आहे. त्याची माहिती ते कॉलेजच्या त्रैमासिकात देणार होते, आणि त्याला माझे नाव द्यावे असे त्यांच्या मनात होते. लॅटिनच्या नियमाप्रमाणे शेवटी एक 'ई' लागेल एवढेच. तक्ता मात्र परत आला होता. वर लाल शाईने: 'रकाना रिकामा ठेवू नये. "नाही" हे उत्तर नव्हे. तेथील लोक जे म्हणतात ते लिहावे.'

माझे वय एकोणपन्नास. शाळेच्या इमारतीवर, मंडळीच्या फलकावर, कुठेही माझे नाव लागेल असे मी आयुष्यात काही केले नव्हते. ते नाव, आणि शेवटी तो 'ई', असे मी त्या दिवशी किती वेळा पुटपुटलो याची मोजदाद ठेवली नाही.

दुपारी तक्ता घेऊन बसलो. तिथले लोक काहीच म्हणत नाहीत, आणि रकाना तर रिकामा चालत नाही. मग विचार केला, उद्या सगळे हेच म्हणणार आहेत. स्थानिक नावाच्या रकान्यात मी स्वच्छ अक्षरात माझे नाव लिहिले.

बायको मागून वाकून पाहत होती. तिला लिहिता येत नसले तरी वाचता येते.

"झाडाला पण तुमचंच?" ती म्हणाली. "म्हणजे आता मला त्याचंही नाव घेता येणार नाही."

मुलगी ग्लॅडिस आतून हसली. त्या वेळी आम्ही तिघेही हसलो.

४

१३ ऑक्टोबर, सोमवार. आकाश निरभ्र. सकाळी किंचित गारवा.

हेडमास्तरांनी शिपायाकडून बोलावले. "रणपिसे मास्तर, तीन दिवस सही नाही तुमची."

मी तर रोज करत होतो. मस्टर उघडले. शिक्षकांची नावे डावीकडे ओळीने लिहिलेली असतात. चौथ्या ओळीत आकडा चार होता, पुढे जागा, पुढे 'रणपिसे'.

"इथं माझं नाव होतं," मी म्हणालो.

"आहे की. चौथी ओळ तुमचीच ना? करा."

पेन टेकवले आणि सही केली. नंतर पाहिले तर हाताने नुसते 'रणपिसे' लिहिले होते. आधी काही लिहायचे राहिले असे हाताला वाटलेच नव्हते.

घरी येऊन रोजनिश्या काढल्या. एकवीस वर्षांच्या एकवीस वह्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर मी 'ही वही' असे लिहून, पुढे नाव घालून, 'यांची' असे लिहितो. एकवीस पानांवर 'ही वही' होते आणि 'यांची' होते. मधला कागद पांढरा होता.

मी घाईने निष्कर्ष काढणारा माणूस नाही. शाई वाईट असेल तर बाकीचे शब्द का राहिले? कसर लागली असेल तर भोक कुठे आहे? मग ग्लॅडिसचे मॅट्रिकचे प्रमाणपत्र ट्रंकेतून काढले. ते सरकारी छापील, शिक्क्याचे. आपल्यात मुलीच्या नावामागे बापाचे नाव लागतेच. त्यावर 'ग्लॅडिस', मग दोन बोटे जागा, मग 'रणपिसे'.

तेव्हा मी ते नाव मोठ्याने म्हणायचे ठरवले. फळ्यावर लिहायला हात उचलावा आणि बोटांत खडू नसावा, तसे झाले. खोलीत मी एकटाच होतो. तोंड उघडे ठेवून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

याचा कोणाला पत्ता लागला नव्हता, आणि लागणारही नव्हता. शाळेत मला मास्तर म्हणतात. मंडळीत रणपिसे मास्तर. घरात ग्लॅडिस बाबा म्हणते आणि बायको अहो म्हणते. आईवडील वारले तेव्हापासून माझे नाव कोणीही घेतलेले नाही.

५

पण एकदा ते घेतले गेले होते.

१९ ऑक्टोबर, रविवार. दुपार, हवा कोंडलेली. बायको ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो.

"लग्नात तू नाव घेतलं होतंस," मी म्हणालो. "आठवतं का?"

"आता काय त्याचं?"

"म्हणून दाखव."

"इश्श. पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून." ग्लॅडिसचे दौंडच्या भालेरावांकडे ठरले होते, लग्न मे महिन्यात व्हायचे होते. "ती ऐकेल ना आत."

"ऐकू दे."

तिने सुपाकडे पाहत, हसू दाबत म्हटले, "द्राक्षांच्या मळ्यात कोवळा वेल, रावांचं नाव घेते, दिव्यात आहे तेल."

"पुन्हा म्हण."

"द्राक्षांच्या मळ्यात कोवळा वेल, रावांचं नाव घेते, दिव्यात आहे तेल. झालं समाधान?"

"कोणत्या रावांचं?"

"असं काय करता?" ती म्हणाली. "तुमचंच की."

"सावकाश म्हण. एक एक शब्द."

तिने तिसऱ्यांदा सुरुवात केली. 'वेल' पाशी आली, 'रावांचं' वर गेली, आणि थांबली. मागे आली. पुन्हा 'वेल' म्हणाली. तिचा हात तांदळात तसाच राहिला. बोटे तेवढी हलत होती, आतला खडा सापडत नाही अशी.

"ताल चुकतोय," ती हळूच म्हणाली. "इथं काहीतरी असायचं."

मी तिला काही सांगितले नाही. त्याच दिवशी सबनीसांना पत्र टाकले की माझे नाव देऊ नये, तक्ता परत करावा. खाली सही करायची वेळ आली तेव्हा 'आपला' लिहून पुढे 'रणपिसे' लिहिले.

६

१ नोव्हेंबर, शनिवार. लख्ख ऊन. वारा अजिबात नाही, हे मुद्दाम लिहितो.

झुडपे उपटून टाकावीत म्हणून खुरपे घेऊन कवठ्याला गेलो. झेंडूचा मळा तोडून झाला होता. धुरपदाबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, खुरप्याकडे पाहिले.

"काय म्हणलात व्हय त्येला, मास्तर?"

मी खुरपे दुसऱ्या हातात घेतले.

"तो साहेब बी शेवटाला आसाच यायचा म्हणं. माझी सासू सांगायची. खडकापाशी हुबं ऱ्हायाचा आन् लोकांना इचारायचा, तुमाला ठावं हाय का." त्या उठल्या आणि पदर नीट केला. "घरला जावा. तिकडं बसू नगा."

ओढा ओलांडला. बारा वाजून दहा मिनिटे झाली होती, घड्याळ पाहिले. खडकाच्या अलीकडे, वीसेक पावलांवर असताना मागून कोणीतरी मला हाक मारली.

नाव घेऊन.

ते माझेच होते. ऐकताक्षणी मला ते पूर्ण आठवले, आईच्या तोंडचे, लग्नातले, सगळे. आणि आवाज माझ्या बायकोचा होता. सव्वीस वर्षांत तिने मला कधी त्या नावाने हाक मारली नाही, पण मारली असती तर कशी मारली असती ते मला ठाऊक होते. ती तशीच मारली होती. स्वयंपाकघरातून जेवायला बोलवावे तशी.

मी 'ओ' देणार, एवढ्यात खडकामागून कोणीतरी दिली.

"ओ, आलो."

आवाज पुरुषाचा. घाई नसलेला. शब्दाच्या शेवटी मी हेल काढतो, ज्याची मुले शाळेत नक्कल करतात, तो हेल त्यात होता.

मग झुडपांची एक रांग दोन्ही बाजूंना वाकली, मधून माणूस जाताना वाकते तशी. खडकाच्या कडेला मला कोटाची बाही दिसली, कोपरापर्यंत. कोपरावर ठिगळ होते. मी माझ्या कोपराकडे पाहिले नाही. मला ते ठिगळ कोणी शिवले ते माहीत आहे.

पुन्हा वर पाहिले तेव्हा झुडपे सरळ होती. ते नाव गेले होते. खुरपे तिथेच राहिले.

७

सबनीसांचे उत्तर ३ नोव्हेंबरला आले. नियमाने दिलेले नाव मागे घेता येत नाही. कच्ची छपाई सोबत होती. वाकड्या ठशात दोन लॅटिन शब्द. दुसरा शब्द माझा असायला हवा. मी तो अक्षर अक्षर लावून वाचला. अक्षरे सगळी वाचता आली. ओळखीचे काही वाटले नाही. ते एका झाडाचे नाव होते. आत्ताही ते इथे उतरवावे म्हणून दोनदा पेन टेकवले, उतरत नाही.

पाकिटावर पत्ता होता: श्री. रणपिसे. आणि त्याच दिवशी संध्याकाळी चहाला बोलवायला मी ग्लॅडिसला हाक मारायला गेलो आणि एक क्षण थांबावे लागले.

एकच क्षण. पण मी वेळ मोजणारा माणूस आहे.

माझे नाव तिच्या नावाला लागून होते. लग्न झाले की मुलीच्या नावामागचे बापाचे नाव सुटते, नवऱ्याचे लागते. त्या रात्रीचे जेवण झाल्याबरोबर मी बायकोला सांगितले, लग्न मेमध्ये नाही, याच महिन्यात करायचे. तिने कारण विचारले नाही. ओसरीवरच्या त्या दुपारपासून ती मला फारसे काही विचारत नव्हती.

मी दौंडला जाऊन व्याह्यांना भेटलो. येशुदास भालेराव रेल्वेत गार्ड, बोलका माणूस.

"मास्तर, गाडी तरी वेळेआधी सुटत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला काय घाई झालीय?"

"माझी तब्येत बरी नाही."

त्यांनी मला खालीवर पाहिले. "चेहऱ्यावरून तसं काही वाटत नाही. पण खरं सांगू का, मघाशी तुम्ही दारात उभे राहिलात तर मला वाटलं, ह्यांना कुठं तरी पाह्यलंय." ते हसले. "ठरवा तुम्ही. आमचा बन्यामीन काय, आजही उभा राहील."

लग्नाची सूचना तीन रविवार वाचावी लागते. ९ नोव्हेंबरला प्रभुदासकाकांनी शिरूरच्या देवळात वाचले, "दौंडचे येशुदास भालेराव यांचे चिरंजीव बन्यामीन आणि येथील यांची कन्या ग्लॅडिस." ते अडखळले नाहीत. मंडळीतही कोणाची मान वळली नाही.

१६ नोव्हेंबरला त्यांनी वाचले, "येथील यांची कन्या," आणि चष्मा काढून पुसला. कागद जवळ धरला, लांब धरला. देवळात पंखा नसतो, नुसत्या चिमण्यांचा आवाज येत होता. मी पहिल्या बाकावर उठून उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "ग्लॅडिस."

"हो, ग्लॅडिस," काका म्हणाले. "अक्षर जरा फिकट आलंय."

तो कागद मी स्वतः आदल्या दिवशी नव्या शाईने लिहिला होता.

त्या आठवड्यात मी रोज सकाळी उठल्याबरोबर ग्लॅडिसचे नाव वहीत शंभर वेळा लिहिले. शनिवारी शंभर ओळी मोजल्या तर अठ्ठ्याऐंशी भरल्या. २३ तारखेला तिसरी सूचना वाचली गेली. त्या दिवशी कागद काकांच्या हातात होता आणि मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो.

८

२६ नोव्हेंबर, बुधवार, दौंड. थंडी. इंजिनांच्या धुराने ऊन तांबूस दिसत होते.

देऊळ स्टेशनपासून जवळ आहे. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या. पण दौंडच्या पाळकांची पद्धत अशी की वही पूर्ण भरून सह्या झाल्याशिवाय ते जोडप्याला आशीर्वाद देऊन लग्न जाहीर करत नाहीत. टेबलावर वही उघडली. वर, वधू, वराचे वडील असे ते भरत गेले. मग पेन थांबले.

"वधूच्या वडिलांचं नाव?"

"रणपिसे मास्तर लिहा की," येशुदास म्हणाले.

"पूर्ण नाव लागतं. रकाना रिकामा ठेवता येत नाही मला." पाळकांनी वही माझ्याकडे फिरवली. "तुमच्या हातानं लिहा, म्हणजे चूक नको."

ग्लॅडिस माझ्याकडे पाहत होती. वर पाळकांनीच लिहिलेल्या तिच्या नावातला 'ग्लॅ' सुकत चालला होता. शाई सुकते तसा नव्हे. त्याच्याभोवतीचा कागद पांढरा होत होता.

काहीही लिहिता आले असते. वडिलांचे नाव लिहिता आले असते, भावाचे लिहिता आले असते. त्या रकान्यात घातलेल्या नावाचे पुढे काय होईल याचा विचार केला आणि पेन उचलले. पालासाहेबांनी ऐकले तेच मी लिहिले. फक्त शब्द तोडून, मराठीत.

पाळकांनी वाचले. "नाव नाही घेत? हे काय, मास्तर?"

"इतकंच आहे," मी म्हणालो.

येशुदास मोठ्याने हसले. "घ्या. पोरीच्या आधी बापच अडून बसला. आता उखाण्याशिवाय सोडायचं नाही त्यांना."

सगळे हसले. बायको हसली नाही. तिने माझा कोपर धरला, ठिगळावर.

रकाना भरलेला होता. पाळकांनी टीपकागद दाबला, सह्या घेतल्या आणि दोघांना समोर उभे करून मुलीला विचारले, "आता तुमचं नाव काय?"

"ग्लॅडिस बन्यामीन भालेराव," ती म्हणाली. स्पष्ट. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले. मी वहीकडे पाहिले. 'ग्लॅ' काळाभोर होता. अकरा वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

परतताना एस.टी.त आम्ही दोघेच होतो. न्हावऱ्याच्या पुढे गेल्यावर बायकोने पिशवीतून तिचे गीतपुस्तक काढले. पहिले पान उघडले आणि माझ्या मांडीवर ठेवले. तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या वडिलांनी त्यावर तिचे नाव लिहून दिले होते. पान पांढरे होते.

"कधीपासून?" मी विचारले.

"तांदूळ निवडत होते ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." तिने पानावरून बोट फिरवले. "तुम्हाला आठवतं का माझं?"

मी तोंड उघडले.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही मला हाक कशी मारायचा?"

"अगं म्हणून."

"मग तशीच मारा."

९

३१ डिसेंबर १९५८, बुधवार. थंडी. आकाश निरभ्र. पहाटे दव.

वर्षअखेरीस मंडळीची वही नव्याने उतरवतात. अक्षर बरे म्हणून ते काम दरवर्षी माझ्याकडे असते. सकाळी नऊला बसलो, दुपारी साडेतीनला उठलो. पालासाहेबांच्या पेट्या या महिन्याच्या अठरा तारखेला पुण्याला रवाना झाल्या. यादी तीनशे बारा कागदांची, पोच तीनशे तेरा कागदांची आली. सबनीस लिहितात की साहेबांची जुनी लेबले तशीच चालतील, पण शेवटच्या, यंदाच्या तारखेच्या लेबलावर 'गोळा करणारा' हा रकाना राहून गेला आहे, तो भरून पाठवावा.

मंडळीत एकूण कुटुंबे चव्वेचाळीस. ग्लॅडिसचे नाव दौंडच्या मंडळीत बदलून गेले. कुटुंब क्रमांक एकतीस, रणपिसे: माणसे दोन. नावांच्या ओळी दोन. दोन्ही कोऱ्या.